अपवादाचे कलम आणि संसदेची देखरेख
व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयीच्या कायद्याची पाठचिकित्सा

१

‘डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३’ हा त्या वर्षीचा बाविसावा केंद्रीय कायदा होय. त्याचे विधेयक ३ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत मांडण्यात आले. ७ ऑगस्ट रोजी लोकसभेने व ९ ऑगस्ट रोजी राज्यसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. ११ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. नागरिकांचे हक्क आणि माहितीधारकांची कर्तव्ये सांगणारी बहुतेक कलमे त्या प्रसिद्धीनंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाची आहेत. सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. हक्काची मान्यता आणि त्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचा पूर्ण अंमल यांच्यामध्ये पडलेले हे अंतर सुमारे दहा वर्षांचे आहे.

या दशकात कायद्याचा मजकूर वारंवार बदलला. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २७ जुलै २०१८ रोजी आपल्या अहवालाबरोबर विधेयकाचा एक मसुदा सादर केला. ११ डिसेंबर २०१९ रोजी शासनाने स्वतःचे विधेयक लोकसभेत मांडले. ते संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले, आणि तिने १६ डिसेंबर २०२१ रोजी सुधारलेला मजकूर सभागृहांपुढे ठेवला. ३ ऑगस्ट २०२२ रोजी शासनाने ते विधेयकच मागे घेतले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवा मसुदा निघाला, व त्यातून २०२३ चा अधिनियम घडला. म्हणजे एकाच विषयावरचे चार प्रमुख पाठ आज अभ्यासकापुढे आहेत. प्राचीन ग्रंथाच्या हस्तलिखितांची तुलना करताना संशोधक ज्याप्रमाणे कोणता शब्द कोठे आला, कोठे गळला व गळल्याने अर्थ कसा पालटला हे पाहतो, त्याचप्रमाणे या चार पाठांची तुलना करता येण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखात ही तुलना मुख्यतः एका कलमापुरती केली आहे. शासनाच्या यंत्रणांना कायद्यातून सूट देणारे ते कलम होय. संसद आपल्या देखरेखीचा अधिकार किती राखते व किती सोडून देते, याचा निवाडा या एका कलमावरून होऊ शकतो.

२

गळलेल्या शब्दाला एवढे महत्त्व का द्यावे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर भारताच्या घटनात्मक इतिहासातच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत मूलभूत हक्कांची चर्चा चालू असता मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक उपसूचना मांडली. नागरिकाची काया, त्याचे घर, त्याची कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, असा तिचा आशय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही अशाच आशयाची तरतूद होती, आणि ही उपसूचना स्वीकारण्याची तयारी त्यांनी सभागृहात दर्शविली होती. तथापि अंतिम घटनेत ती तरतूद आली नाही.

पुढे १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांच्या पीठापुढे झडतीचा प्रश्न आला. अमेरिकेच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद आपल्या घटनाकारांनी केलेली नाही, सबब ओढूनताणून लावलेल्या अर्थाने ती घटनेत आणण्याचे कारण नाही, असा विचार न्यायालयाने मांडला. जे लिहिले गेले नाही तेच नागरिकाच्या विरुद्ध प्रमाण ठरले. त्या निर्णयाची छाया दूर होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. विधिमंडळात वगळलेला शब्द नाहीसा होत नाही; तो न्यायालयात अभावरूपाने पुन्हा उपस्थित होतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

दुसरा धडा १९६२ च्या खरकसिंग खटल्याचा. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनी एका संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन चौकशी करावी, असा एक विनियम होता. बहुमताने खाजगीपणाचा स्वतंत्र हक्क मानला नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मात्र भिन्नमतपत्रिकेत तो व्यक्तिस्वातंत्र्याचा अविभाज्य घटक मानला. पण बहुमतानेदेखील रात्रीच्या भेटींचा तो भाग रद्द केला, आणि त्याचे कारण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो विनियम म्हणजे खात्याची आज्ञा होती. विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा आधार तिला नव्हता. २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने खाजगीपणात हस्तक्षेप करण्यासाठी ज्या कसोट्या घातल्या त्यांतील पहिली हीच आहे. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, त्याचे प्रयोजन वैध हवे, आणि साधन प्रयोजनाशी प्रमाणबद्ध हवे. पहिल्या कसोटीचा भार सरळ विधिमंडळावर येतो. विधिमंडळाने केलेला कायदा आशयशून्य असेल तर पुढील दोन कसोट्या लावण्यास न्यायालयाच्या हाती फारसे काही उरत नाही.

३

आता चारही पाठांतील अपवादाचे कलम क्रमाने पाहू जाता पुढील चित्र दिसते.

श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात हे कलम ४२ होते. राज्याच्या सुरक्षिततेसाठी व्यक्तिगत माहितीवर प्रक्रिया करावयाची तर त्यास कायद्याचे अधिष्ठान हवे, ती प्रक्रिया संसदेने केलेल्या त्या कायद्यातील कार्यपद्धतीनुसार हवी, आणि ती आवश्यक व प्रमाणबद्ध हवी, अशी तिहेरी अट त्यात होती. येथे ‘संसदेने केलेल्या’ हे पद निर्णायक आहे. समिती तेवढ्यावर थांबली नाही. गुप्तवार्ता यंत्रणांवर देखरेख ठेवणारा कायदाच देशात नाही याकडे लक्ष वेधून तो त्वरेने करावा, असे तिने अहवालात सुचविले. या सूचनेला पूर्वपीठिका होती. २०११ साली मनीष तिवारी यांनी गुप्तवार्ता यंत्रणांच्या नियमनाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

२०१९ च्या विधेयकात हे कलम ३५ झाले. संसदेच्या कायद्याची अट गेली आणि तिच्या जागी केंद्र शासनाचे समाधान आले. आवश्यक वा इष्ट वाटल्यास शासनाने आदेशाने कोणत्याही शासकीय यंत्रणेला सर्व वा काही तरतुदींतून मुक्त करावे, असा त्याचा आशय होता. ‘आवश्यक’ या शब्दाला ‘इष्ट’ हा विकल्प जोडल्याने प्रमाणबद्धतेची कसोटी अत्यंत शिथिल झाली. तरी दोन बंधने शिल्लक होती. आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागत, आणि सूट मिळालेल्या यंत्रणेने पाळावयाची कार्यपद्धती, संरक्षक उपाय व देखरेखीची व्यवस्था नियमांनी ठरवावयाची होती. खुद्द न्या. श्रीकृष्ण यांनी या बदलावर जाहीर टीका केली.

संयुक्त समितीच्या २०२१ च्या पाठात या कलमाची स्थिती संमिश्र झाली. ‘कार्यपद्धती’ म्हणजे न्याय्य, रास्त, वाजवी व प्रमाणबद्ध कार्यपद्धती, असे स्पष्टीकरण समितीने जोडले. त्याच वेळी कलमाच्या आरंभी इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी हे कलम चालेल, असे शब्दही घातले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतल्यासारखे हे झाले. जयराम रमेश यांनी या कलमाविरुद्ध भिन्नमत नोंदविले, व अन्य काही सदस्यांनीही आपल्या भिन्नमतपत्रिका जोडल्या. तरीही ‘प्रमाणबद्ध’ हा शब्द कायद्याच्या देहात परत आला, हे या समितीच्या पदरी टाकावयास हवे.

२०२३ च्या अधिनियमात हा विषय कलम १७, पोटकलम (२), खंड (क) मध्ये आला आहे. केंद्र शासन अधिसूचित करील अशा राज्ययंत्रणेने सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादींच्या हितार्थ केलेल्या माहितीप्रक्रियेस हा अधिनियम लागूच होणार नाही. आवश्यकतेचा उल्लेख येथे नाही. प्रमाणबद्धतेचा नाही. लेखी कारणांचा नाही. संरक्षक उपाय व देखरेखीची व्यवस्था यांचाही नाही. पाच वर्षांत चार वेळा लिहिलेल्या कलमातून अटी एकामागून एक गळत गेल्या, आणि अंती शासनाची अधिसूचना तेवढी उरली.

या पाठाचा एक दोष अंतर्गत विसंगतीचा आहे, व तो विशेष बोलका आहे. त्याच कलमाच्या पोटकलम (१) मध्ये गुन्ह्यांचा प्रतिबंध, तपास व खटले यांसाठी वेगळी सूट दिलेली आहे. ही सूट देताना कायदेकर्त्यांनी एक कर्तव्य जाणीवपूर्वक राखून ठेवले. माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय योजण्याचे कलम ८, पोटकलम (५) चे बंधन तपासयंत्रणेवरही कायम आहे. पोटकलम (२) मध्ये मात्र संपूर्ण अधिनियमच बाजूला सारल्यामुळे तेही बंधन उरत नाही. राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी जमविलेली माहिती सुरक्षित ठेवण्याचे कायदेशीर कर्तव्य राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या नावाने काढून टाकावे, यात कोणते प्रयोजन साधते हे समजणे कठीण आहे. नागरिकाचा हक्क क्षणभर बाजूस ठेवला आणि केवळ राज्याच्या हिताचा विचार केला, तरी हे कलम सदोष ठरते.

४

अधिसूचनेला अधिकार द्यावाच लागतो, सर्व तपशील संसदेने ठरविणे शक्य नाही, हे खरे. १९५१ च्या ‘दिल्ली लॉज ॲक्ट’ प्रकरणापासून न्यायालयांनी दुय्यम कायदेनिर्मिती मान्य केलेली आहे. मात्र धोरण ठरविण्याचे मूलभूत कार्य विधिमंडळास दुसऱ्याकडे सोपविता येत नाही, अशी मर्यादाही घातलेली आहे. १९५९ च्या हमदर्द दवाखाना निर्णयात याच कारणास्तव एका कायद्यातील तरतूद रद्द झाली. संसदेनेही आपल्या परीने एक साधन निर्माण केले. दादासाहेब मावळंकर लोकसभेचे सभापती असताना, १९५३ साली, दुय्यम कायदेनिर्मितीविषयक समिती प्रथम नेमली गेली, आणि एन. सी. चटर्जी तिचे पहिले अध्यक्ष झाले. सत्ताधारी पक्षाबाहेरील सदस्यास हे पद देण्यातील अर्थ उघड आहे. शासनाने केलेले नियम सभागृहाच्या पटलावर यावेत, त्यांची छाननी व्हावी, व प्रसंगी ते रद्द करता यावेत, ही या व्यवस्थेची कल्पना.

२०२३ च्या अधिनियमातील कलम ४१ या कल्पनेच्या संदर्भात वाचावयास हवे. नियम, तसेच कलम १६ व कलम ४२ खालील अधिसूचना संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवाव्यात, असे ते सांगते. कलम १६ परदेशी माहिती पाठविण्यावरील निर्बंधांविषयी व कलम ४२ दंडाच्या अनुसूचीत बदल करण्याविषयी आहे. कलम १७ चा उल्लेख तेथे नाही. म्हणजे दंडाची रक्कम वाढविणारी अधिसूचना संसदेपुढे येईल. एखाद्या यंत्रणेला संपूर्ण कायद्यातून मुक्त करणारी अधिसूचना मात्र या कलमानुसार येणे बंधनकारक नाही. पहिल्या पाच वर्षांत कोणत्याही माहितीधारकास कोणत्याही तरतुदीतून सूट देण्याचा जो अधिकार कलम १७, पोटकलम (५) ने दिला आहे, त्याचीही गत तीच. शासनाच्या सामान्य कृतीवर देखरेख आणि असामान्य कृतीवर मौन, असा हा क्रम उलटा झाला आहे. या अधिनियमावरील सर्व आक्षेपांत हा आक्षेप सर्वांत गंभीर मानला पाहिजे, कारण तो शासनापेक्षा संसदेच्या स्वतःच्या वर्तनाला लागू होतो.

नियामक मंडळाच्या रचनेतही हीच दिशा दिसते. २०१८ च्या मसुद्यात प्राधिकरणाचे सदस्य निवडणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सरन्यायाधीशांकडे किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेल्या न्यायाधीशाकडे होते. २०१९ मध्ये त्या समितीत केवळ शासनाचे सचिव उरले. २०२३ मध्ये ‘भारतीय माहिती संरक्षण मंडळा’च्या नेमणुकांची रीत नियमांवर सोपविली गेली, आणि सदस्यांची मुदत पाचावरून दोन वर्षांवर येऊन फेरनेमणुकीची मुभा राहिली. दोन वर्षांनी ज्याच्याकडून फेरनेमणूक व्हावयाची त्याच्याच खात्यांविरुद्ध निर्णय देणे मानवी स्वभावास सोपे नसते. मंडळाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवण्याची तरतूदही अधिनियमात नाही. याच अधिनियमाने कलम ४४ द्वारे माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८, पोटकलम (१), खंड (ञ) पालटून व्यक्तिगत माहिती देण्यास सरसकट नकाराची वाट मोकळी केली. व्यापक सार्वजनिक हिताचा कलम ८, पोटकलम (२) चा मार्ग शिल्लक आहे, हे शासनाचे म्हणणे बरोबर आहे. परंतु हिताचे पारडे जड असल्याचे दाखविण्याचा भार प्रत्यक्षात अर्जदारावरच येऊन पडणार. नागरिक राज्यासमोर पारदर्शक होत जावा आणि राज्य नागरिकासमोर अपारदर्शक, हा परिणाम कोणाच्या मनात नसला तरी दोन तरतुदी एकत्र वाचल्या असता तोच निष्पन्न होतो.

५

शासनाच्या बाजूनेही काही गोष्टी सांगता येण्यासारख्या आहेत, व त्या दुर्लक्षिणे न्याय्य होणार नाही. हा कायदा आटोपशीर आहे. अवघ्या ४४ कलमांत तो संपतो. त्याची भाषा पूर्वीच्या पाठांहून सुबोध आहे, आणि व्यक्तीचा निर्देश स्त्रीवाचक सर्वनामाने करण्याचा नवा पायंडा त्याने पाडला. खाजगी कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद पोकळ म्हणता येणार नाही. सुरक्षायंत्रणांचे काम उघड्यावर चालू शकत नाही, हेही मान्य करावयास हवे. याशिवाय पुट्टस्वामीच्या कसोट्या घटनेतूनच आलेल्या असल्याने त्या कायद्यात पुन्हा लिहिण्याचे कारण नाही, असा युक्तिवाद केला जातो.

शेवटचा युक्तिवाद वरवर सबळ वाटतो. परंतु न्यायालयापर्यंत पोहोचण्यासाठी नागरिकाला आधी आपल्यावर पाळत आहे हे कळावे लागते. गुप्त पाळतीचा स्वभावच असा की ती कळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली विनीतकुमार प्रकरणात दूरध्वनी चोरून ऐकण्याचे आदेश रद्द केले. पण तेथे त्या संभाषणांवर फौजदारी खटला उभा राहिला म्हणून आदेश उजेडात आले. जेथे खटलाच होत नाही तेथे तपासणार कोण? १९९६ च्या पी.यू.सी.एल. निर्णयानंतर अशा आदेशांच्या पुनर्विलोकनासाठी समित्या झाल्या. त्यांत सचिवच असतात. आदेश देणारा सचिव व तपासणाराही सचिव. ब्रिटनने १९९४ पासून संसदसदस्यांची गुप्तवार्ताविषयक समिती चालविली, आणि २०१६ च्या कायद्याने पाळतीच्या महत्त्वाच्या आज्ञापत्रांस न्यायिक आयुक्ताची मान्यता आवश्यक केली. तेथील व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. पण गुप्तता आणि देखरेख या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, एवढे तीवरून सिद्ध होते.

नव्या तंत्रज्ञानामुळे हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. १९२० च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने बोटांचे ठसे, बुबुळांच्या प्रतिमा इत्यादी मोजमापे ७५ वर्षे जपून ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे विशीतल्या तरुणाची नोंद बहुधा त्याच्यापेक्षा अधिक जगेल. चेहऱ्यावरून ओळख पटविणारी यंत्रे अशा संग्रहांवरच चालतात. पोलिस हा राज्यसूचीतील विषय असल्याने राज्यांच्या विधिमंडळांनाही या बाबतीत हात झटकता येत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पोलिसकार्यात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी नागपूर येथे ‘मार्व्हल’ ही संस्था उभारली. तिचा हेतू गुन्हेगारीचा बंदोबस्त हाच आहे, आणि तो स्तुत्य आहे. पण तिची स्थापना विधिमंडळाच्या एखाद्या खास कायद्याने झालेली नाही. यंत्राने संशयित ठरविलेल्या माणसाने कोणाकडे दाद मागावी, चुकीची नोंद कोणी पुसावी, किती काळाने पुसावी, हे प्रश्न कायद्याच्या भाषेत कोणी तरी सोडवावयास हवेत, आणि ते काम यंत्रशास्त्रज्ञाचे नव्हे.

६

या चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष संसदेला गौरवास्पद नाही. संयुक्त समितीने ७८ बैठका घेतल्या. शासनाने तिच्या ८१ दुरुस्त्यांचा व १२ शिफारशींचा हवाला देऊन विधेयक मागे घेतले. आणि नवे विधेयक मांडल्यापासून अवघ्या सहा दिवसांत, कोणत्याही समितीकडे न पाठविता, दोन्ही सभागृहांनी संमत केले. समितीचे दोन वर्षांचे श्रम ज्या एका शब्दात साठविले होते तो ‘प्रमाणबद्ध’ हा शब्द त्या सहा दिवसांत कोणी परत आणू शकले नाही. देखरेखीची साधने संसदेजवळ नाहीत असे नाही. १९५३ सालीच ती घडविली गेली. ती वापरण्याची इच्छा क्षीण झाली आहे.

उपाय मोठे नाहीत. कलम ४१ मध्ये कलम १७ चा अंतर्भाव करणारी एका ओळीची दुरुस्ती, कलम १७ मध्ये आवश्यकता, प्रमाणबद्धता व लेखी कारणे यांची पुनःस्थापना, सूट मिळालेल्या यंत्रणांवरही माहितीच्या सुरक्षिततेचे बंधन, आणि मंडळाचा वार्षिक अहवाल सभागृहाच्या पटलावर, एवढ्या चार गोष्टींनी कायद्याची प्रकृती पुष्कळ सुधारेल. यांतील एकही गोष्ट नवी नाही. पहिल्या दोहोंचा तसेच शेवटचीचा आशय पूर्वीच्या पाठांत किंवा संसदेच्या जुन्या परिपाठात आहे, आणि तिसरी याच अधिनियमाच्या शेजारच्या पोटकलमात आहे. ही दुरुस्ती न झाल्यास १९५४ च्या प्रसंगाची पुनरावृत्ती होण्याचा संभव राहतो. उद्या एखादा नागरिक न्यायालयात उभा राहील, आणि २०१९ च्या पाठात असलेली देखरेखीची व्यवस्था संसदेने २०२३ मध्ये हेतुपुरस्सर वगळली, असे त्याला ऐकविले जाईल. त्या वेळी देण्यास संसदेने त्याच्या हाती कोणतेही उत्तर ठेवलेले नसेल.